मनकर्णाच्या पोटाचा फोटो

पिंगळीच्या स्टेशनावर माझी पेटी उतरायची होती. आत फिल्म धुवायची औषधं. हैदराबादहून येणारी गाडी पिंगळीवरूनच जायची, पण पेटी काही तिथं उतरवायचे नाहीत. ती परभणीला जायची, तिथं आराम करायची आणि मग सावकाश उलटी यायची. यावरून स्टेशन मास्तरशी माझं दरवेळी भांडण. त्या दिवशीही भांडलो, पेटी बैलगाडीत टाकली आणि दवाखान्याकडे निघालो. वैशाखाचं ऊन होतं आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

भुताची गोष्ट म्हटल्यावर तुम्ही अमावस्येची रात्र आणि वडाचं झाड धरून बसला असाल. ते सोडून द्या. हे भर दुपारी घडलं. अंधार होता, पण तो मी माझ्या हातांनी केलेला होता, खिडक्यांना काळे पडदे लावून.

मी एक्स-रेचा ऑपरेटर. हैदराबादेत एका उस्तादांच्या हाताखाली शिकलो. हा धंदा नवा होता तेव्हा यंत्र नीट चालतंय का हे बघायला माणसं आपलाच हात किरणांपुढे धरत. त्यात उस्तादांची दोन बोटं सडून गेली होती. उरलेल्या बोटांनी त्यांनी मला शिकवलं, आणि तेही शिव्या देत. माझ्या तोंडाला जी धार आहे ती तिथली. डॉक्टरांच्या लेखी आम्ही कोण? इंजिन चालवणारा, पंखा ओढणारा, त्याच रांगेत फोटोवाला. फोटो चांगला आला की डॉक्टर हुशार, धूसर आला की ऑपरेटर गाढव. तो राग अजून गेलेला नाही.

आता तुम्ही विचाराल, निजामाच्या राज्यात, त्या काळात, पिंगळीजवळच्या एका खेड्यात एक्स-रेचं यंत्र आलं कुठून? आबासाहेबांनी आणलं. गाव आबासाहेबांचं, काळी रानं आबासाहेबांची, तहसीलदार जेवायला त्यांच्या घरी आणि फौजदार त्यांच्या बैठकीत. त्यांनी धर्मार्थ दवाखाना काढला आणि त्यात विलायती यंत्र बसवलं. रोग्यांपेक्षा पाहुण्यांचे फोटो जास्त निघायचे. अंगठी घातलेल्या आपल्या हाताचा फोटो त्यांनी दवाखान्याच्या खिडकीत टांगला होता. हाड सगळ्यांचं सारखंच दिसतं हे त्यांना पटत नसावं.

मी पेटी घेऊन पोचलो तेव्हा लिंबाखाली त्यांची धमणी, माणसं बसायची हलकी बैलगाडी, उभी होती आणि व्हरांड्यात एक बाई भिंतीला टेकून बसली होती. ही मनकर्णा, आबासाहेबांची पहिली बायको. तिची गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती. दोन वर्षांपूर्वी, निजामाच्या रौप्यमहोत्सवाच्या साली, तिचे दिवस भरले, कळा आल्या, आणि मग कळा थांबल्या. मूल झालंच नाही. घरच्यांनी सांगून टाकलं की दिवस नव्हतेच, पोटात वारं धरलं होतं. ती वांझ ठरली आणि आबासाहेबांनी दुसरं लग्न केलं. पण मनकर्णा गप्प बसली नाही. विहिरीवर, बाजारात, देवळाच्या पायरीवर ती एकच सांगायची, लेकरू आत आहे, ह्यांनी लाथ घातली तेव्हा ते गप झालं.

आबासाहेबांना खुपत होतं ते हेच. दुसरी एखादी बाई असती तर त्यांनी केव्हाच विहिरीत ढकलली असती, पण हिच्या माहेरची माणसं जबर होती.

"व्यंकट," आबासाहेब आरामखुर्चीतून म्हणाले, "हिच्या पोटाचा फोटो काड. पोटात काई न्हाई असा. तो हिच्या भावांना दाखवतो, अन् हिला डोंगरावर धाडतो."

डोंगरावर म्हणजे एका देवाच्या ठाण्यावर. वेड लागलेल्यांना, झपाटलेल्यांना तिथं खांबाला साखळीनं बांधून ठेवत. पावसात, थंडीत, तिथंच. तिथं गेलेलं कुणी परत आलेलं मी पाहिलं नव्हतं.

"फोटो काढल्याशिवाय त्यात काय निघेल हे मी कसं सांगू?" मी म्हणालो.

"मी सांगायलोय की."

मी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर दिनकरराव औरंगाबादचे, चांगले शिकलेले, पण आबासाहेबांसमोर त्यांच्या मानेत हाड उरत नसे. ते नखं पाहत उभे राहिले. माझ्या डोक्यात सणक गेली.

दवाखान्यातली बाई, चतुराबाई, हिनं मनकर्णाला आत आणून टेबलावर निजवलं. मी किरणांची नळी तिच्या पोटावर आणली तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं. डोळे अगदी ठिकाणावर होते. वेड्या बाईचे डोळे मी पाहिलेले आहेत, हे तसले नव्हते.

"दादा, उजेड लय पडतो का वो?"

"उजेड नाही पडत, बाई. काही दुखत नाही. तुम्हाला कळणारसुद्धा नाही."

"मला न्हाई," ती म्हणाली. "त्याला सोसंल का, ते इचारायलेय."

मी फिल्म घेऊन धुवायच्या खोलीत गेलो. लाल दिव्याखाली फिल्म औषधात सोडली आणि नेहमीसारखी तबकडी हलवत राहिलो. आधी कण्याचे मणके उमटले. मग कमरेची हाडं. आणि मग त्यांच्या मधोमध, हातपाय पोटाशी घेतलेलं, एवढंसं, एक मूल उमटलं. बरगड्या, मणके, बोटं. सगळं ठसठशीत, कारण ते सगळं दगड झालेलं होतं. डोकं एका बाजूनं चेपलेलं आणि डाव्या मांडीचं हाड मधोमध मोडलेलं.

मी डॉक्टरांना आत बोलावलं. त्यांनी फिल्म लाल दिव्याजवळ धरली.

"पुस्तकात वाचलं होतं," ते म्हणाले. "मूल आत मेलं आणि बाहेर पडलं नाही की कधीकधी शरीर त्याच्यावर चुना चढवतं. आई जगते. मूल दगडाचं होऊन राहतं."

"आणि ही मांडी? हे डोकं?"

"मार लागल्याशिवाय असं होत नाही." एवढं बोलून त्यांनी दाराकडे पाहिलं, बाहेर कुणी ऐकत तर नाही ना म्हणून.

फोटो मी आधी मनकर्णाला दाखवला. ज्याचं त्याला आधी दाखवावं, एवढी अक्कल मला होती. तिनं रडारड केली नाही. ओल्या फिल्मवरून बोट फिरवलं.

"माज्याकडं पाठ करून बसलंय," ती म्हणाली. "रुसलंय."

खरंच फोटोत बघणाऱ्याकडे मुलाची पाठ होती आणि तोंड मागे, कण्याकडे.

मी फोटो घेऊन व्हरांड्यात गेलो आणि जे होतं ते सांगितलं. आवाज खाली ठेवला नाही. चतुराबाई ऐकत होती, इंजिनवाला भुजंग ऐकत होता, धमणीचा गाडीवान ऐकत होता. आबासाहेबांनी फिल्म उजेडात धरली, पाहिली, आणि फाडून व्हरांड्याच्या कोपऱ्यातल्या, पाणी तापवायच्या चुलीत घातली.

"दोन फोटो एकावर एक काडलास," ते म्हणाले. "मांजराचं पिल्लू असंल ते. हिच्या भावांनी तुला फितवलं."

"मी हरामाचं खात नाही," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या थोबाडीत मारली. डॉक्टर मध्ये आले म्हणून, नाहीतर त्या दिवशी मी तुरुंगात गेलो असतो. मग ते डॉक्टर हात जोडून म्हणाले, "आबासाहेब, पडद्यावर बघा. त्यात फिल्म नसते. जे आहे ते समोर, जिवंत दिसतं. कुणाला लबाडी करता येत नाही."

"दाखवा," आबासाहेब म्हणाले. "काई न्हाई दिसलं, तर हा हरामखोर अन् ती, दोघं एका धमणीतून डोंगरावर जातील."

हा पडदा म्हणजे रोग्यापुढे उभी केलेली, किरण पडले की उजळणारी पाटी, आणि तिच्यावरचं चित्र फार फिकं असायचं. उन्हातून आलेल्या डोळ्यांना काहीच दिसत नसे. म्हणून आधी काळे पडदे लावून, दार लावून, गडद अंधारात नुसतं बसायचं, डोळे अंधाराला सरावेपर्यंत. वीज करणारं इंजिन तोवर बंद. मी खिडकीवर थाप मारली की बाहेर भुजंग ते चालू करी. मी आयुष्यातला किती काळ असा अंधारात बसून घालवला असेल, देव जाणे. मला अंधाराची भीती वाटत नाही. वाटत नव्हती.

आम्ही चौघं बसलो. मी, डॉक्टर, आबासाहेब आणि पडद्यामागे स्टुलावर मनकर्णा. बाहेर दुपार भाजत होती, पण आत विहिरीच्या तळासारखा अंधार. धुवायच्या औषधाचा आंबूस वास आणि आबासाहेबांच्या अंगाचा हिन्याचा दर्प. खुर्ची करकरली आणि थांबली. मग कुणाचा श्वास तेवढा ऐकू येत राहिला.

हळूहळू वास बदलला. आधी मला वाटलं, चतुराबाईनं बाहेर काही पेटवलं. शेपा, ओवा, शेणीचा धूर, तेल. बाळंतिणीच्या खोलीचा वास. असा दाट, जसा नुकत्याच झालेल्या बाळाला शेक देताना येतो.

मग आवाज आला. नदीतले दोन गोटे एकमेकांवर घासावेत तसा. बारीक. थांबला. पुन्हा आला.

"कसला आवाज हाय त्यो?" आबासाहेब कुजबुजले.

पुन्हा तेच घासणं.

"मनकर्णे... काय हाय तुज्या हातात?"

"माजे हात रिकामे हायती..."

"मग..."

"उटलंय ते," ती अगदी हळू म्हणाली, झोपाळ्यातल्या मुलाजवळ बोलावं तशी. "तुमचा आवाज वळकला त्यानं..."

डॉक्टरांनी माझा दंड धरला. मी खिडकीवर थाप मारली ती या अंधारातून सुटायला म्हणून. इंजिन धडधडलं आणि मी बटण दाबलं.

पडदा हिरवट उजळला. कणा दिसला, कमर दिसली, मूल दिसलं. पण पाठमोरं नव्हतं. ते वळून बसलं होतं. तोंड आमच्याकडे. चेपलेलं डोकं, डोळ्यांच्या जागी दोन खोबण्या, आणि मघाशी पोटाशी दुमडलेला उजवा हात आता पुढे आलेला.

तुम्ही म्हणाल, बाई हलली असेल. बाई हलली तर तिच्या कण्यासकट सगळं हलतं. कणा जागच्या जागी होता.

आबासाहेब खुर्चीतून उठले आणि डाव्या बाजूला सरकले. पडद्यावरचं डोकं सावकाश डावीकडे वळलं. ते उजवीकडे आले. डोकं उजवीकडे वळलं. तो घासल्याचा आवाज इंजिनाच्या धडधडीतूनही ऐकू येत होता.

"बंद कर," आबासाहेब म्हणाले. "बंद कर ते... बंद कर!"

मी नाही केलं. ज्याचं त्यानं पाहावं असं मला वाटलं, आणि आजही वाटतं.

तेव्हा त्या माणसानं पडदा बाजूला लोटला आणि स्टुलावर बसलेल्या बायकोच्या पोटात लाथ घातली. दुसऱ्यांदा. आमच्यादेखत. मी त्याच्या अंगावर धावलो, पण त्याआधीच आवाज झाला, पहारीचा घाव खडकावर बसावा तसा. आबासाहेब खाली पडून किंचाळायला लागले. मनकर्णा स्टुलावरून तसूभरही हलली नव्हती.

"पुन्ना?" ती म्हणाली. एवढंच.

पडदे काढले, उजेड आला. पाय घोट्यापासून सुजत चालला होता, म्हणून त्याचा फोटो काढावा लागला. नको म्हणायची सोय आम्हाला नसते. पुढच्या पंज्याची दोन हाडं मोडली होती, ती मला फिल्म औषधात असतानाच दिसली. मग घोटा उमटला, आणि मी तबकडी हलवायची थांबलो. घोट्याभोवती पाच बारीक बोटं होती. तांदळाच्या दाण्यांसारखी हाडं, ओळीनं, हाडाला गच्च धरून. बाहेरून पायावर काही नव्हतं. मी स्वतः कातडीवर बोट फिरवून पाहिलं. गुळगुळीत.

डॉक्टरांनी मग मनकर्णाचा पुन्हा फोटो काढायला लावला. मूल तसंच आमच्याकडे तोंड करून होतं. उजवा हात मनगटाशी संपला होता.

आबासाहेबांना आम्ही हे सांगितलं नाही. डॉक्टर म्हणाले, सांगून उपयोग काय, आणि पहिल्यांदाच मला त्यांचं पटलं. सांगितलं असतं तरी तो माणूस सुधारला असता असं समजू नका. पाय लाकडी पट्ट्यांत बांधलेला, घोटभर पाणी पिऊन जरा शुद्धीवर आला, की त्याचा पहिला शब्द, "हिला आत्ताच्या आत्ता डोंगरावर न्या. हिनं करणी केली."

मी गाडीवानाला म्हणालो, नेऊ नकोस. तो बिचारा हात जोडून म्हणाला, "साहेब, मला पोरंबाळं हायती." मनकर्णा आपल्या पायांनी धमणीत चढली. तिनं मला सांगितलं, "जाऊ द्या, दादा. बगू कुटवर जाते ते."

मला ते बोलणं कळलं नाही. धमणी वेशीपर्यंत गेली असेल नसेल, आत आबासाहेब बोंबलायला लागले. पाय ओढतोय म्हणत होते. आम्ही आत धावलो. त्यांचा बांधलेला पाय बाजेवरून सरळ वेशीच्या दिशेनं ताठ झाला होता आणि बाज त्यांच्यासकट फरशीवर त्याच दिशेनं सरकत होती. मी आणि भुजंगनं बाज धरून ठेवायचा प्रयत्न केला. भुजंगसारखा गडी, तो फरफटला. आतलं हाड कडकड वाजायला लागलं.

"परत बोलवा तिला!" आबासाहेब ओरडले. "परत आणा... परत आणा रं..."

भुजंग धावत गेला. धमणी वळून लिंबाखाली आली तशी बाज थांबली आणि पाय सैल पडला.

त्या दिवसापासून मनकर्णाला कुणी घराबाहेर काढलं नाही. आबासाहेब परभणीला निघाले की तिला सोबत घ्यायचे. गंगाखेडला गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, गेले तरी ती सोबत. दुसरी बायको माहेरी निघून गेली ती आलीच नाही. गाव म्हणायचं, म्हातारपणी आबासाहेबांना थोरलीची माया लागली. हे ऐकून मला जे वाटायचं ते सांगायची ही जागा नव्हे.

दरसाल उन्हाळ्यात दोघं दवाखान्यात यायची. त्यांच्या पायाचं दुखणं वर चढत होतं. आधी नडगी, मग गुडघा, मग मांडी, मग कंबर. डॉक्टर पाय तपासायचे आणि वात म्हणून तेल द्यायचे. मी फोटो काढायचो. बोटं जिथं दुखतं तिथं असायची. आबासाहेबांनी फोटो बघायला कधी मागितला नाही. तो मागायची मनकर्णा. स्वतःचा नव्हे, नवऱ्याचा. लाल दिव्याखाली माझ्या शेजारी उभी राहायची, पदर सावरायची आणि दरवेळी एकच विचारायची.

"दादा, केवडा झाला?"

पहिल्या वर्षी मी तिला काय सांगणार होतो? मग मी नीट बघायला लागलो. मूल जन्मतं तेव्हा त्याच्या मनगटात हाडंच दिसत नाहीत, नुसती मोकळी जागा असते. पुढे वर्षावर्षानं एकेक हाड उमटत जातं. त्यावरून आम्ही मुलाचं वय सांगतो, आमच्या शिक्षणात ते येतं. आबासाहेबांच्या गुडघ्याशी असलेल्या मनगटात ती हाडं यायला लागली होती. मेलेल्या, दगड झालेल्या मुलाच्या हाताला. दरसाल बोटं लांब होत होती.

मी तिला सांगायचो. शाळेत जायच्या वयाचा झाला. विटीदांडू खेळेल एवढा झाला. ती ऐकायची आणि हसायची. तिचं ते हसू बघून माझा जीव तुटायचा. आणि बाहेर बाकावर बसलेल्या माणसाचा मला पूर्वीइतकाच राग यायचा.

पोलिस ॲक्शनच्या आधीचा उन्हाळा. रझाकारांच्या भीतीनं रस्ते ओस पडले होते, तरी ती दोघं आली. या वेळी आबासाहेबांचा पाय ठीक होता. त्यांना खोकला लागला होता, कोरडा, एकसारखा, बोलू न देणारा. मी छातीचा फोटो घेतला.

हात डाव्या बरगड्यांच्या आत होता. काळजाशेजारी, उघडा, बोटं पसरलेली. मनगटातलं शेवटचं, वाटाण्याएवढं हाडसुद्धा आलं होतं. ते दहा-अकराव्या वर्षी येतं.

"केवडा झाला, दादा?"

"मोठा झाला, बाई," मी म्हणालो. "मुंज व्हायच्या वयाचा झाला."

तिनं त्या बोटांवर आपली बोटं ठेवली, एकेक करून.

"मंग आता समज आली असंल त्याला," ती म्हणाली.

पदर डोक्यावर घेऊन ती बाहेर गेली आणि बाकावर नवऱ्याशेजारी जाऊन बसली. मला खिडकीतून त्यांच्या पाठी दिसत होत्या. आबासाहेब खोकत होते. मी फिल्म हायपोच्या औषधात पक्की केली, पाण्यात धुतली आणि दोरीला वाळत टांगली. पक्की केलेली फिल्म बदलत नाही. उस्तादांनी शिकवलेल्या सगळ्या गोष्टींत ही एक मी कधी तपासून पाहिली नव्हती, इतकी ती खरी होती.

वाळल्यावर मी ती उतरवायला गेलो. बरगड्या तशाच होत्या, काळजाची सावली तशीच होती. मूठ मिटलेली होती.

बाहेरचा खोकला थांबला होता.